रात्रपाळी, उद्यमनगर

भंगारात घेतलेली लेथ,
पाटीवरची अक्षरं फ्रेंच.
तिचं मॅन्युअल शोधत होतो मोबाईलवर,
अंगठा भलतीकडंच पडला
आणि कुठल्याशा रेडिओवर
एक बाई गायला लागली.

बाबालाल मुजावर म्हणाला,
'मालवनकडची हाय काय? नाकात म्हनतीया.'
खरंच, शब्दाशब्दावर
कुणी अनुस्वार ठेवून गेल्यासारखं.

आता रोज साडेबाराला लावतो.
तिकडं तेव्हा जेवणंही झालेली नसतात म्हणे.
निवेदक घडाघडा बोलतो,
मी गाण्यांची नावं ऐकू येतील तशी
जॉबकार्डाच्या पाठीवर लिहून घेतो,
तेलकट बोटांनी, मराठीत.
सकाळी शोधावं तर
त्यातलं एकही सापडत नाही.
कार्डं मात्र साठलीत खोकंभर.

एकच शब्द पकडीत आला, दमँ.
सारखा यायचा.
बाबालालचा कयास:
'दमले म्हनत आसंल बिचारी.'
परवा अर्थ मिळाला.
उद्या.

शिरोलीला सकाळी द्यायचे चाळीस बुश
अजून चकला लागायचेत.
कीस गुंडाळत खाली पडतोय,
बाई म्हणतेय, दमँ, दमँ.
लेथला कळत असणार सगळं.
इतकी वर्षं
तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं.