गोण्यांचा हिशेब

ऑगस्टअखेर गिरेसुनच्या डोंगरांवरून
हेझलनटच्या गोण्या खाली येतात.
लोक माल माझ्याकडे ठेवतात, विकत नाहीत.
भाव चढला की येऊन म्हणतात, रेफिक, आता सोड.
तोवर मी नुसता राखणदार.

वडिलांची वही लोखंडी कपाटात असायची,
किल्ली कमरेला,
आणि कंबर झोपेतही जागी.
माझ्याकडे फोन होता.
पासवर्ड माझं जन्मसाल.
अपडेट कर, अपडेट कर, तो रोज म्हणायचा,
मी रोज 'नंतर'वर बोट ठेवायचो,
जसं पोराला सांगावं, थांब रे, गिऱ्हाईक आहे.

मंगळवारी मेसेज आला:
तुमचं पार्सल अडलंय, पत्ता तपासा.
वजनकाट्याची स्प्रिंग मी खरंच मागवली होती.
एवढंच. एक बोट.

चहा निवायच्या आत फोन परका झाला.
गोदामाच्या कॉम्प्युटरलाही तोच पासवर्ड,
दोन दारं, एक किल्ली,
संध्याकाळी त्यानंही तोंड फिरवलं.
पडद्यावर मोडक्या तुर्कीत चिठ्ठी:
बहात्तर तास. पैसे भरा. नाहीतर विसरा.

आणि गंमत बघा, एक दाणासुद्धा हलला नव्हता.
अकराशे गोण्या थप्पीला थप्पी लावून उभ्या.
फक्त कुठली कोणाची
हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी निरोप धाडले: या, आपापला आकडा सांगा.
लोक आले. मी पेनानं लिहीत गेलो,
बोटं अक्षरं विसरली होती.
शेमसी म्हणाला, चाळीस.
हावा, नवरा समुद्रात गेलेली,
म्हणाली, सव्वीस असतील. नको, पंचवीस लिही.
युसुफ मास्तर म्हणाले, एकसष्ट,
आणि टोपी नीट केली.
याच मास्तरांनी मला बेरीज शिकवली.

रात्री बेरीज केली.
गोदामापेक्षा नऊ गोण्या जास्त.

गुरुवारी पुतणसून आली, सेवदा,
काखेत शिवणकामाचा डबा.
बटणांखालून एक काळी डिस्क काढली.
दर शुक्रवारी ती प्रत घेऊन जायची,
मी हसायचो, म्हणायचो, दुधाला दोन झाकणं कशाला?
कशालाच न जोडलेली डिस्क ती,
म्हणून वाचली.
पैसे भरायचे नाहीत, ती म्हणाली,
आणि यंत्र पुसून कोरं केलं.

पहाटे यादी परत आली.
शेमसी, सदतीस.
हावा, एकतीस.
युसुफ मास्तर, एकोणपन्नास.
मी स्क्रोल करायचं थांबलो.
चोरानं जे नेलं नव्हतं
ते मला आता परत मिळत होतं.

सकाळी सगळ्यांना सांगितलं,
नोंदी सापडल्या, यादीप्रमाणे ज्याचं त्याला.
आकडे वाचले नाहीत, एकेकाला चिठ्ठी दिली.
मास्तर बराच वेळ काट्याकडे बघत राहिले.
हावा मात्र भांडली,
एकतीस कुठून? मला कुणाचं नकोय!
तिला शपथा घालाव्या लागल्या.

आता फोन माझ्याकडून लांबलचक वाक्य मागतो,
वर आणखी सहा आकडे, तेही दर वेळी नवे.
अनोळखी पार्सलाला मी हात लावत नाही,
ओळखीच्यालाही आधी फोन करून विचारतो.
अपडेट आलं की दुकान थांबतं, गिऱ्हाईकही.
शुक्रवारी डबा आला नाही तर मीच चालत जातो.

पेनानं लिहिलेला तो कागद
मी चहाच्या शेगडीत घातला.
त्याची प्रत कुठेही नाही.

तरी मास्तर दुकानावरून गेले
की बाराचा आकडा आपोआप उघडतो,
कुठलाही पासवर्ड न विचारता.
मी मान खाली घालतो
आणि काट्यावरची धूळ पुसतो.