सतराव्या घरातला चार

तुर्भ्याच्या दाणाबंदरात
खिमजीभाईंच्या मुनिमाने पावती माझ्यापुढे धरली
दोन बोटांत, मेलेलं झुरळ धरावं तशी.
नमुन्याचे दोन पुडे.
एक ०.१ किलो, दुसरा ०.२.
बेरीज
०.३०००००००००००००००४.
"ताई, हा शेवटचा चार
कोणाच्या खात्यावर लिहू?"

मी हसले, मग हसू आवरलं.
तो खरंच विचारत होता.

काट्याकडून येतो तो आकडा नसतोच.
अक्षरं येतात, दोरीत ओवलेली:
शून्य, टिंब, एक.
मी दोरी कातरते
आणि मणी यंत्राच्या ओंजळीत सोडते.
त्याला बिचाऱ्याला फक्त निम्मं करता येतं,
निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं,
आणि मी त्याला सांगते, दहावा हिस्सा दे.
ते जुळवत बसतं. जुळत नाही.
बावन्न घरं भरतात, जागा संपते,
उरलेला कोंडा ते शेवटच्या दाण्यात धरतं
आणि म्हणतं, घ्या, झालं.
पडद्यावर ०.१ च दिसतो.
पोटात किंचित जास्त, तोंडावर नेमका.
दोन असे एकत्र आले की मात्र
पोटातलं बाहेर पडतं.

रात्री कोपरखैरण्याला बाबांना सांगितलं.
हणमंत शेलार, अडतीस वर्षं मापाडी,
उजवा खांदा अजून डाव्यापेक्षा खाली.
भाकरी मोडता मोडता म्हणाले,
"त्याला पाव येतो?"
नेमका.
"निमपाव?"
तोही.
"पाऊण, सव्वा, दीड? औट?"
सगळे, कणभर इकडेतिकडे नाही.
"आणि आणा?"
सोळावा हिस्सा ना, तोंडपाठ.
"मग ते आमच्या शाळेतलं आहे," बाबा म्हणाले,
"पावकी-निमकी शिकलेलं,
दशमान आलं तेव्हा नापास झालेलं."
आणि कालवणात ठसका लागेपर्यंत हसले.

मग चष्मा लावून पावती पाहिली.
चार त्यांना खुपलाच नाही.
बोट वर गेलं, तुरीच्या ओळीवर.
"काट्यावर १२.३० होतं ना? इथे १२.३ का?"
तेच आहे बाबा, शेवटचं शून्य गळतं,
किमतीत फरक नाही.
"किमतीत नाही," ते म्हणाले.
"पण ते शून्य लिहिणारा तिथपर्यंत गेला होता.
खाली वाकून बघून आला होता
की तिथे काही नाही.
तू त्याचं वाकणं पुसलंस."

मला उत्तर सुचलं नाही. ताट उचललं.

पारसिकच्या डोंगरावरचे दिवे
खिडकीत बारीक झाले तोवर मी बसले.
किलो काढून टाकले.
सगळं ग्रॅममध्ये, पूर्णांकात:
शंभर आणि दोनशे, तीनशे. मुकाट.
टिंब शेवटी, फक्त छापताना,
आणि काट्याने पाठवलेलं शून्य
जसंच्या तसं, अक्षर म्हणून, जपून.

आत बाबा झोपेत मोजत होते.
पोत्यांचं की कशाचं, कोण जाणे.
मापाडी एक म्हणत नाही,
पहिल्या मापाला म्हणतो लाभ.
लाभ, दोन, तीन, चार…

उगाच मी खिडकीत टाइप केलं: लाभ.
यंत्र म्हणालं, हा आकडा नव्हे.

मी एक ओळ वाढवली.
"लाभ" आलं तर एक समजावं.
कोणताही काटा असं काही पाठवणार नाही,
कुठल्या चाचणीत ती ओळ कधी चालणार नाही.
सकाळी महापेच्या ऑफिसात
प्रज्योतने कोड तपासताना विचारलं, ही कशाला?
मी लिहिलं, राहू दे.

मुनिमाला त्या चाराचं
अजून काही सांगितलेलं नाही.