डिंक

मोप्याच्या विमानतळावर एका बॅगेत, लोकरी मोज्यात,
दोन सापडले. एक गार होता.
उरलेला वाळपईला आमच्या गुरांच्या दवाखान्यात आला,
कारण फॉरेस्टच्या झर्मेकरांना
त्या रात्री दुसरं कुणी आठवलं नाही.

डॉक्टरांनी रजिस्टरात लिहिलं:
मार्मोसेट, नर, दोनशे चाळीस ग्रॅम.
मालकाच्या रकान्यात मी रेघ ओढली.
म्हशी, शेळ्या, एकदा सरपंचांचा पोपट,
एवढ्यांचीच सवय त्या वहीला.

मूठभर जीव. कानांवर पिंजलेला कापूस,
शेपटीवर वळी, कुणी मोजून काढल्यासारखी.
गाव बघायला आलं, ज्याच्या त्याच्या हातात केळं.
माकड म्हटलं की केळं, हे कुणी ठरवलं?
तो पाठ करून बसायचा
आणि केळी पिंजऱ्यात काळी पडायची.

दिवसभर गप्प.
फक्त साडेसहाला म्हापशाच्या बसचा कंडक्टर
तिठ्यावर शिट्टी मारी,
आणि आतून तशीच एक शिट्टी,
सुईत ओवता येईल इतकी बारीक.
मग मान तिरकी करून ऐकत राहणं.
बस तोवर गेलेली असे.

तिसऱ्या दिवशी बाबलो माजिक
बैलाच्या खुराचं औषध न्यायला आला.
अंगाला भाटीचा धूर, नखांत बोंडांचा रस.
उभा राहिला, बघितलं, औषध विसरून गेला.
परतला तो काजूची फांदी घेऊन:
जाड, खरबरीत, कोयत्याच्या जुन्या घावावर
गुळाच्या पाकासारखा गोठलेला डिंक.
म्हणाला, "चढाउतरायला होईल."

त्याने हुंगली.
मग खालचे दात सालीत घातले,
सुताराने पटाशी घालावी तसे.
एक भोक. थांबला. चाटलं.
शेजारी दुसरं भोक.
तीन दिवस कमानीसारखी ताणलेली पाठ
माझ्या डोळ्यांदेखत सैल झाली.

डॉक्टर म्हणाले, झाड त्याच्याच मुलखातलं.
गलबतांतून आलं, चारशेहून जास्त वर्षं झाली,
येताना आपलं नावही घेऊन आलं.
बाबलो हसला: "माझ्या पणज्याने लावलंय ते!"
मग बराच वेळ आपल्या नखांकडे बघत राहिला.

आठवड्याने वरून कागद आला.
खोक्यासोबत फांदी पाठवणं नियमात बसत नाही,
झर्मेकर म्हणाले,
आणि ती जीपमध्ये स्वतःच्या पायांशी ठेवली.

दवाखान्याच्या मागे एक काजू आहे.
सोळा वर्षं मी त्याच्या फांदीवर ॲप्रन वाळत घालते.
आज खोडाला हात लावून फिरले,
एका जागी बोट चिकटलं.
कुणी बघत नाहीसं पाहून जिभेवर ठेवलं.
चव म्हणाल तर काहीच नाही.
थोडं तुरट.
जीभ मात्र दुपारपर्यंत चरचरत होती.