खड्डे बुजवा

पहिली पायरी असते ‘खड्डे बुजवा’.
आज्ञा दिली की सॉफ्टवेअर बुजवतं,
कात्रजपासून थेट संगमापर्यंत, एकेक खळगा,
चहाला उकळी येईपर्यंत.
हे घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले,
मग महापालिकेत का नाही चिकटत?

चौथं वर्ष. फेलोशिप सात महिने तुंबलेली.
लॅबमधला टेबलफॅन जेवढ्या कोनात फिरतो
तेवढ्याच कोनात मीही.
खड्डे बुजले की पाणी सोडायचं, खोटं पाणी.
प्रत्येक चौकोन शेजारच्या आठांकडे बघतो
आणि सगळ्यांत खालच्याच्या गळ्यात पडतो.
अशी उमटते निळी रेघ.

पहिल्यांदा उमटली तेव्हा
ती एका शाळेच्या मैदानातून गेली, दोन मंगल कार्यालयांतून,
आणि सरांच्या सोसायटीच्या पार्किंगमधून.
सर चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिले.
“थ्रेशोल्ड जरा वाढव,” म्हणाले, “नॉइज जाईल.”
वाढवला. गेला.
बारीक ओहोळ आधी गेले, मग त्यांचं बोट धरून आलेले.
नकाशा कसा छापण्याजोगा झाला.

शनिवारी जीपीएस घेऊन आंबिल ओढ्याच्या कडेने.
कुचेकरमावशींची भिंत: पेन्सिलीच्या रेघा,
नातवाची उंची, तिसरीतली, चौथीतली,
आणि त्या सगळ्यांच्या वर एक मातकट पट्टा,
पोराला अजून न गाठता आलेला.
टेप गाडीच्या डिकीत राहिला होता.
मावशींनी वीत लावली. “सात. आणि वर चार बोटं.”
तुमच्या वितीने?
“मग काय तुझ्या? पाणी माझ्या घरात आलं होतं.”
यंत्र अचूकता दाखवत होतं: अधिक-उणे पाच मीटर.
म्हणजे मी एकाच वेळी
मावशींच्या मोरीत, ओढ्यात आणि पलीकडच्या टायरच्या दुकानात.

रात्री थ्रेशोल्ड परत खाली आणला.
नॉइज आला, सगळा,
सरांच्या पार्किंगसकट.
तक्त्यात ‘उंची, मीटर’ या रकान्यात
‘७ वीत ४ बोटं’ लिहून पाहिलं.
लाल झालं. फक्त अंक चालतात.
शेजारी एक नवा रकाना काढला.
त्याला अजून नाव नाही.
सोमवारी सर विचारतील, हे काय.