आठ दिवस बादलीत

काचेची टाकी आली वणीच्या बंद पडलेल्या हॉटेलातून.
एका कोपऱ्याला तडा, तो मीच सिलिकॉननं बुजवला.
हेडसर म्हणाले, मासे बघू,
पण दगड विकत आणायला पैसे नाहीत.
मी आश्रमशाळेच्या प्रयोगशाळेचा शिपाई.
पोरांना सांगितलं, पेनगंगेवर जाता ना,
येताना एकेक आणा. मुठीएवढा.

सोमवारी टेबलावर अर्धी नदी पडलेली.
काळे, करडे, एक कलेजीच्या रंगाचा,
आणि एक इतका गुळगुळीत की स्वयंपाकाच्या पोचूबाईनं
तो लसूण ठेचायला मागितला.

साबण मी आधीच लपवला होता.
साबण दगडाच्या भोकांत शिरतो
आणि लग्नघरातल्या मामेसासऱ्यासारखा
निघतो निघतो म्हणत राहूनच जातो.
दात घासायचे जुने ब्रश दिले, नुसतं पाणी दिलं.
दुपारपर्यंत सगळ्यांच्या नखांत शेवाळ.

मग बाटली काढली,
बाजारातल्या चायनीजच्या गाडीवरून मागून आणलेलं व्हिनेगर.
ड्रॉपरनं एकेका दगडावर एक थेंब.
काळा गप्प.
करडा गप्प.
कलेजी गप्प.
इस्तारीचा बोलला,
बारीक, फस्स, कानाशी कुणी सोड्याची बाटली उघडावी तसा.

"मामा, हा जित्ता हाय का?"
चुनखडी आहे, म्हटलं. पाण्यात हळूहळू विरेल,
पाणी जड करत राहील.
"आपल्या बोअरचं पानी त जडच हाय नं.
हंड्याले पांढरं बसते."
खरंच होतं. मी ड्रॉपर उगाच धुतला.
त्याचा बाप खदानीवर, दगड त्यानंच दिलेला,
डब्याच्या फडक्यात बांधून.
शेवटी म्हटलं, जड असणं वेगळं, बाबू,
आणि रोज थोडं थोडं जड होत जाणं वेगळं.
माशाला कळतच नाही काय बदलतंय.
इस्तारीनं दगड खिशात घातला.
मग काढून माझ्या रजिस्टरवर ठेवला.

अजून दोन बाद झाले.
एकात सोनेरी रेघ, कोळशाच्या पट्ट्यातली,
भिजली की गंजते, पाण्याला आंबट करते.
दुसऱ्याच्या खाचेत शेंदूर.
कुणी आणला, कुणीच सांगेना.
रंग पाण्यात नको, एवढंच मी बोललो
आणि संध्याकाळी तो मोहाच्या बुडाशी ठेवून आलो,
तोंड जिकडे असावं असं वाटलं
तिकडे करून.

"बाकीचे उकडाचे का?" सुगंधानं विचारलं.
मी भुवईवरचा व्रण दाखवला.
नोकरीच्या पहिल्या वर्षी एक दगड
थेट चुलीत टाकला होता मी.
आत अडकलेलं पाणी वाट शोधत होतं,
त्याला माझं कपाळ सापडलं.
त्यापेक्षा बादली बरी.
पाणी बदलायचं, थांबायचं.
"मासे कवा, मामा?" रोज, प्रार्थनेनंतर.

आठव्या दिवशी दोन पट्ट्या बुडवल्या,
एक बादलीत, एक नुसत्या पाण्यात.
रंग सारखाच निघाला.
मोठे दगड आधी ठेवले, तळाच्या काचेवर थर्माकोल घालून,
हलवून पाहिले, डुगडुगणारा एक काढला.
वाळू नंतर. उलटं केलं
तर एखादा मासा खालून उकरतो
आणि रात्री, शाळेत कुणी नसताना,
दगड काचेकडे कलतो.

आरोग्य केंद्रातून गप्पी आले, डासांसाठी पाळलेले.
इस्तारीनं पिशवीत एक आणला नदीचा,
मिशीवाला, कुणालाच नाव न येणारा.
त्यालाही बादली, मी म्हटलं.
"त्याले काहून? तो काई फसफसत नाई."

पंखा लागला की रजिस्टरची पानं उडत नाहीत आता.
थेंब पडला होता तिथे दगडावर
एक मऊ ठिपका राहिलाय.
हजेरी घेताना माझा अंगठा तिथेच जातो.
बादलीत तो मिशीवाला तळाशी बसलाय.
आज पाचवा दिवस.