अंदाजे १८९६

वडणगेकरांच्या बंगल्यातून रिक्षात उभी करून आणली तिला,
जुन्या साडीत गुंडाळून, सुतळीनं आवळून.
ताराबाई पार्क, मग भाऊसिंगजी रोडची खडखड,
आणि रिक्षावाला दर सिग्नलला मागं वळून :
“मॅडम, बाई कोण म्हणायची ही?”

तेच तर.
सही नाही. उजव्या कोपऱ्यात नाही, डाव्यात नाही.
कापसाच्या बोळ्यानं वीतभर वॉर्निश उतरवलं,
खाली नुसता गालिचा.
विमा कंपनीला सन हवा, वडणगेकरांच्या सुनेला किंमत,
मला झोप.

सुरुवात बाहीपासून केली.
खांद्याशी भोपळ्यासारखी फुगलेली, मनगटाशी आवळलेली.
लंडनला ही बाही पंच्याण्णवात ऐन भरात,
सत्त्याण्णवात उतरणीला.
पण बाहीला बोटीनं यावं लागायचं, तीन आठवडे,
पुढं मिरजेहून आपली गाडी.
तेव्हा वर्षभर उधारी धरायची.

जांभळ्या दिव्याखाली तिची कॉलर
हिरवट-पिवळी पेटली : जस्ताचा पांढरा.
गालावर मात्र काळा डाग,
नंतर कुणीतरी भलत्याच रंगानं लावलेलं ठिगळ.

दस्तगीरनं मागच्या पट्टीचा खिळा उपसला,
तळहातावर वजन केल्यासारखा झेलला.
“चौकोनी अंगाचा हाय. तारेचा न्हाई.
आमच्या आज्ज्याच्या डब्यात असलं हुतं.”

चेहरा फोटोवरून घेतलाय, शपथेवर सांगते.
फोटोतली माणसं श्वास धरून बसायची,
तशी ती बसलीय अजून.
पण हात
मांडीवर, एकावर एक, मिटल्या पंख्याशेजारी :
करंगळी वाकडी, सांधे जाड,
अंगठ्याच्या कडेला त्या चिरा, ज्यांत राख बसते.
लेसच्या काठाखाली मनगटावर फिकट पट्टा,
जिथं कातडीला ऊन लागलेलं नाही.

“दस्तगीर, मेमसाहेब बांगड्या भरायची का रे?”
“रंग तर गोरा दिलाय की.”
दिलाय. वरून दिलाय.
तडे गेलेत तिथं खालचा गव्हाळ दिसतो.

कॅनव्हास आणि पट्टीच्या बेचक्यात
एका वाळक्या झुरळासकट घडी सापडली. मोडी.
सामानगडकर, रेकॉर्ड ऑफिसातून निवृत्त,
चष्मा कपाळावर सारून, कागद नाकाला लावून वाचत गेले :

शके अठराशे अठरा, श्रावण.
जवसाचे तेल, बारा आणे.
सफेता, एक रुपया.
खिळे.
साहेबाकडे जाण्यास टांगा.
हातांस बसली तीस, दोन दिवस, दोन आणे.

“तीस म्हणजे कुणास?”
“नाव होतं. कसरीनं खाल्लं. ‘च’ आहे, पुढं भोक.
चंद्रा धरा, चंपा धरा,
अनुस्वार मोडीत देतीलच असं नाही.
चांगुणा नको, काना दिसला असता.”

फॉर्म भरला. चित्रकार : अज्ञात.
स्थळ : कोल्हापूर. पुढचं ‘बहुधा’ राहू दिलं.
सनामागचं ‘अंदाजे’ खोडलं.
विलायती हात नाही म्हटल्यावर
वडणगेकरांच्या सुनेनं फोनवर
“अस्सं,” म्हटलं, आणि कुकरची शिट्टी झाली.

सामानगडकर चपला घालता घालता थांबले.
“एक बघितलंत?
प्रत्येक ओळीवर आडवी रेघ आहे, पैसे चुकते केल्याची.
तेल, सफेता, टांगा, सगळ्यांवर.
त्या ओळीवर नाही.”

दस्तगीर विचारत होता, पट्टी बंद करू का,
जुनंच खिळं लावतो, सरळ करून.
थांब म्हटलं जरा.
आणि उगाच
पर्सच्या तळाची चिल्लर चाचपत राहिले.