सोन्याचं पाणी

लीलाधर झोपे. आडनावावर जाऊ नका.
रात्री दोनला फोन येतो तो यांचाच:
"तडवी, ये. आवाजाला पडसं झालंय."

तीस वर्षं दीपनगरला टर्बाइनशेजारी काढली,
डावा कान तिथेच राहिला.
उरलेल्या उजव्यासाठी यावल रोडच्या खोलीत
काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर,
कपाटाएवढे दोन स्पीकर,
आणि मी, लायसन नंबरासकट वायरमन.

त्या भिंतीतलं सॉकेट मी चारदा बदललं.
आधी पितळी पाकळ्यांचं, बाजारातलं, पंचेचाळीसचं.
मग तांब्याचं: "ऊब आहे, पण लोळतं रे."
मग ऱ्होडियमचं, पार्सलनं आलेलं,
माझ्या दोन महिन्यांच्या कमाईएवढं:
"धार आहे. पण दवाखान्यातली."
म्हणून पुन्हा पितळी बसवलं,
आणि प्लगच्या पिना रुमालात बांधून
झोपेसाहेब जळगावला दुसाने सोनाराकडे गेले.
दुसान्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"लेकीच्या लग्नात मुलामा चालला नाही भो तुम्हाले,
अन् आता प्लगले?"
तरी चढवलं सोन्याचं पाणी.

मला हसू येतं, हसत नाही.
खांबापासून मीटरपर्यंत अ‍ॅल्युमिनियम,
पुढे माझ्याच हातची तार, दोन ठिकाणी जोड दिलेली,
आणि शेवटच्या बोटभर जागेत सोनं.
पण वीज मलाही कुठे कळली आहे पुरती?
छत्तीस वर्षांत सातदा शॉक बसला,
दर वेळी वेगळा.

ते शोधतात ते गाणं नव्हेच.
एका जुन्या तबकडीत, विलंबित संपताना,
तबलजी हातोडी खाली ठेवतो.
सत्त्याऐंशीत, सगळा तालुका अंधारात असताना,
गाडीच्या बॅटरीवर ऐकली होती त्यांनी.
टक् नव्हे. टक्-च्या अलीकडचं काहीतरी.
त्यानंतर कधीच नाही.

इथं केळीच्या बागांना थ्री-फेज रात्रीच मिळते.
मोटारी लागल्या की बल्ब घोटभर कमी उजळतो.
"ऐक, तंबोऱ्यावर धूळ बसली."
मी मीटर लावतो: एकशे त्र्याण्णव.
मग मी काय बोलणार?

परवा कुमुदताई हात पुसत बाहेर आल्या.
"डोळे मिटा. आज वायर मी लावते."
पहिली लावली.
"तांबं," झोपेसाहेब म्हणाले. होतं सोनं.
दुसरी.
"हे ऱ्होडियम." होतं तांबं.
मेच्या उन्हात पितळ फुगतं, रात्री आकसतं,
म्हणून मी सवयीनं स्क्रू अर्धा आटा आवळला.
तेवढ्यात बागांच्या मोटारीही थांबल्या बहुतेक.
तिसऱ्या वेळी कुमुदताईंनी पदराआडून काढला
तो जुना पितळी प्लग,
सकाळी समईबरोबर चिंचेनं घासलेला.

विलंबित संपलं.
आणि आली.
मीही ऐकली, अल्लाशपथ:
खाली टेकलेली हातोडी,
मागोमाग कुणीतरी सोडलेला श्वास.

झोपेसाहेब ताठ बसले.
"सोनं!"

कुमुदताईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी पक्कड पिशवीत टाकली,
पावती फाडली: स्क्रू आवळणे, वीस रुपये.
चिंचेला माझ्या पावतीपुस्तकात रकाना नाही.

घरी आलो. झोप कुठली?
माझ्या रेडिओचा प्लग उपसून पाहिला,
पिना काळ्या, तव्याच्या बुडासारख्या.
स्वयंपाकघरात एकेक डबा हलवून बघत होतो,
तर आतून बायको ओरडली,
"पहाटे चारला चिंच कशाले पाहिजे?"